गावगाड्यातली मशीद

जेम्स ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा स्कॉटिश अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर सातारच्या प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी त्याची नेमणूक झाली आणि तिथे बसून त्याने जमवलेल्या कागदांवरून लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून निघाला. लढाया आणि तह यांच्याकडे वळण्याआधी त्याने मराठी मुलखातलं गाव कसं चालतं हे समजावून सांगितलं आहे. पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि मग बारा बलुतेदार. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी ही नावं शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. डफच्या यादीत त्यांच्याबरोबरीने आणखी एक नाव आहे: मुलाणा.

म्हणजे मशिदीची झाडलोट करणारा, दिवा लावणारा, मुसलमान घरांत निकाह लावणारा माणूस हा गावाचा बलुतेदार होता. सुगीच्या दिवसांत तो खळ्यावर जायचा आणि सुतार-लोहारांप्रमाणे आपल्या वाट्याचं धान्य घेऊन यायचा. हे धान्य देणारे शेतकरी बहुतेक हिंदू. देवळाचा गुरव आणि मशिदीचा मुलाणा एकाच खळ्यावर, एकाच पिकातून आपापला वाटा मोजून घेत होते. बलुत्याच्या याद्या प्रांताप्रांतांत बदलतात, कुठे मुलाण्याला बलुत्यात धरलं आहे तर कुठे अलुत्यात. पण देशावरच्या गावांत तो होता, याबद्दल दुमत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिला तेव्हाही मुलाणा गावच्या हिशेबातून गेलेला नव्हता. आज सातारा, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत मुलाणी हे आडनाव जागोजाग भेटतं, ते याच कामावरून आलेलं.

हिंदू शेतकऱ्याने मुलाण्याला धान्य का द्यावं? मशिदीत नमाज पढायला तो जात नव्हता. पण मुलाण्याशिवाय त्याचं अडत होतं. रानातल्या म्हसोबाला, शिवेवरच्या देवीला, जत्रेला किंवा नवसाला बोकड द्यायचा तर सुरी मुलाण्याची. त्याने नाव घेऊन बोकड हलाल केल्याशिवाय मराठ्यांच्या कित्येक घरांत मटण शिजत नसे. डफलाही या गोष्टीचं नवल वाटलं होतं. बांधावर तीन दगडांची चूल मांडलेली, देवाला नारळ फुटलेला, शेंदूर लागलेला, आणि सगळे मुलाण्याची वाट पाहत बसलेले. हे चित्र पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. मुलाण्याला सुरीबद्दल ठरलेला वाटा मिळायचा. देव हिंदूंचा, बोकड शेतकऱ्याचा, बिस्मिल्ला मुलाण्याचं, आणि यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं.

या मुलाण्याची मशीद दिसायला अगदी साधी असे. विजापूरची जामा मशीद किंवा कराडचे उंच मनोरे डोळ्यांपुढे आणून गावच्या मशिदीचा विचार केला तर चुकतं. देशावरच्या छोट्या गावातली मशीद म्हणजे बहुतेक वेळा एक खोली. दगड-मातीच्या भिंती, धाब्याचं किंवा पुढे पत्र्याचं छप्पर, पश्चिमेच्या भिंतीत मेहराबीचा कोनाडा, बाहेर ओटा, अंगणात कडुनिंब किंवा चिंच. कित्येक ठिकाणी मिनारही नाही. चार-सहा घरं तांबोळ्यांची, अत्तारांची, मणेरांची, पिंजाऱ्यांची, शिकलगारांची. रोजच्या पाच नमाजांना ओळ भरेल एवढी माणसंही गावात नसत. शुक्रवारी आणि ईदेला काय ती गर्दी. मग उरलेल्या वेळी या खोलीचा उपयोग काय होता, याचं उत्तर शोधायचं तर आत ठेवलेल्या एका लाकडी पेटीकडे जावं लागतं. पण त्याआधी दिव्याच्या तेलाबद्दल.

मशिदीत दिवा लागला पाहिजे आणि त्याला तेल हवं. हे तेल कुठून येतं, याची तजवीज जुन्या राज्यकर्त्यांनी करून ठेवली होती. कुठे मशिदीला जमीन इनाम दिलेली, कुठे मुलाण्याला मुलाणकीचं वतन, कुठे काझीला आणि खतिबाला परगण्याच्या उत्पन्नातून नेमणूक. राज्य बदललं तरी ही इनामं सहसा बुडत नसत. शिवाजी महाराजांचा सभासद कृष्णाजी अनंत याने आपल्या बखरीत नोंद करून ठेवली आहे की महाराजांनी देवस्थानांप्रमाणे पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती आणि नैवेद्य ठिकाणं पाहून पुढे चालू ठेवला. महाराजांवर रोष असलेल्या मोगल तवारीखकार खाफीखानालाही हे लिहावं लागलं की मशिदीला आणि कुराणाला धक्का लावू नये अशी त्यांची आपल्या लोकांना सक्त ताकीद होती. बखरकार आपला आणि तवारीखकार शत्रूच्या गोटातला; दोघांचं या एका बाबतीत जुळतं. इतिहासात याहून भक्कम साक्ष क्वचित मिळते.

इंग्रजांनी इनामांची कसून चौकशी केली. इनाम कमिशनच्या काळात अनेकांना सनदा काढून दाखवाव्या लागल्या. ज्यांच्यापाशी कागद होता ते तरले. पुढे १९५० च्या दशकात मुंबई राज्याने वतनं आणि इनामं रद्द करणारे कायदे एकामागून एक केले. देवस्थान इनामं त्यांतून वेगळी राहिली आणि मशिदींच्या काही जमिनी त्या सदरात टिकल्या. पण बलुतं गेलं. ते कोणा एका कायद्याने गेलं असंही नाही. रोख पैसा आला, माणसं पुण्या-मुंबईला गेली, खळ्यावर धान्य मागायला जाणं मुलाण्याच्याच पोराला नकोसं वाटू लागलं. त्याला ते नकोसं वाटणं अगदी रास्त होतं. बलुतं हे जन्माने मिळालेलं आणि जन्मभर न सुटणारं काम होतं. मशिदीचा दिवा ज्या व्यवस्थेने तेवत ठेवला तीच व्यवस्था महाराला वेशीबाहेर ठेवत होती आणि मांगाला हलगी वाजवायला लावत होती. गावगाड्याची ही बाजू विसरून त्याचे गोडवे गाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

आता पेटीकडे. या पेटीत वर्षभर पंजे ठेवलेले असतात. पितळेचे, तांब्याचे, कुठे चांदीचा मुलामा दिलेले. हाताच्या पंजाच्या आकाराचे. त्यांच्याबरोबर घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला नालसाहेब. मोहरमचा चाँद दिसला की मशिदीपुढे कुदळ मारायची, म्हणजे आलाव्याचा खड्डा खणायला सुरुवात करायची. मग पेटी उघडते. पंजे घासूनपुसून लख्ख करायचे, वेळूच्या काठीला बांधायचे, त्यांना रेशमी वस्त्रं नेसवायची, वर फुलांच्या माळा. प्रत्येक पंजाला नाव असतं आणि प्रत्येक नावामागे गावातलं एखादं घर. ऊद जळतो, फातेहा होतो, गव्हाच्या पिठाचे गोड चोंगे आणि मलिदा यांचा नैवेद्य येतो. तो मुसलमानांच्या चार घरांतून येतो तसाच मराठ्यांच्या, धनगरांच्या, माळ्यांच्या घरांतूनही येतो. नवसाने झालेल्या पोराच्या गळ्यात रंगीत नाडा बांधून त्याला दहा दिवस फकीर करतात आणि ते पोर पाच घरं मागून येतं. ते पोर हिंदूचं असलं तरी कोणी भुवई उंचावत नाही.

रात्री सवाऱ्या निघतात. हलगी आणि ताशा कडाडतो, आलावा धगधगतो, पंजा धरलेला माणूस घुमू लागतो. करबला इथल्या युद्धावरची गाणी म्हणणारे ताफे असतात. त्यांच्या गाण्यांत दखनी आणि मराठी इतकी मिसळलेली असते की वेगळी करता येत नाही. कत्तलच्या रात्री गाव झोपत नाही. दहाव्या दिवशी पंजांच्या भेटी होतात, माणसं एकमेकांना कडकडून भेटावीत तसे पंजे एकमेकांना टेकवतात, बायका वाटेवर पाणी घालतात, शेवटी नदीवर किंवा ओढ्यावर सगळं थंडं करतात आणि पंजे पुन्हा पेटीत जातात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला या दिवसांत गगनाला भिडणारे ताबूत उभे राहतात. बांबूचे सांगाडे, त्यावर रंगीत कागद, आणि ते खांद्यावर घेऊन भर चौकात एकमेकांच्या भेटीला आणायचे. त्या ताबुतांत हिंदू घराण्यांचेही ताबूत आहेत.

या सगळ्यात एक शब्द सारखा ऐकू येतो: मान. पहिला नारळ पाटलाचा. अमुक पंजा उचलायचा मान अमक्या भावकीचा. आलाव्याला लाकूड घालायचं अमक्याने, दिवटी धरायची तमक्याने. कोणाचा मान चुकला तर भांडण व्हायचं आणि ते पंचांपुढे जायचं. गावची मशीद सगळ्या गावाची का होती, याचं कारण इथे सापडतं. हिंदू-मुसलमान भाई-भाई अशी भाषणं कोणी करत नव्हतं. गावातल्या बहुतेक प्रत्येक घराकडे मशिदीशी निगडित एखादं काम होतं आणि त्या कामाचा अभिमान होता. सलोख्यावर लिहिताना आपण बहुधा संतवचनं आणि सद्भावना यांच्याकडे पाहतो. मशिदीच्या बाबतीत तरी सलोखा टिकवला तो कामाच्या वाटणीने. ज्याचा मान मशिदीत आहे तो मशिदीवर दगड कसा मारेल?

शहरांत ही वाटणी आधी मोडली. गुजरातेतल्या प्रभासपाटणच्या हिंदू-मुसलमान दंग्याची बातमी मुंबईला येऊन पोचली आणि ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर जुम्मा मशिदीपासून दंगल सुरू झाली. पुढच्या वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला आणि बहुसंख्य हिंदूंनी मोहरमकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपुढून तात्यासाहेब नातूंचा गणपतीचा मेळा वाजतगाजत जाताना दंगा झाला. मशिदीपुढे वाद्यं वाजवावीत की नाही, हा वाद तेव्हापासून पुढची कित्येक दशकं पोलीस चौक्यांत आणि कोर्टांत घोळत राहिला. ज्या गावांत ताबुतापुढे कालपर्यंत हिंदू वाजंत्री वाजवत होते त्याच गावांत वाद्य हे भांडणाचं कारण झालं. आजही मिरवणुकीचा मार्ग ठरवताना पोलिसांच्या कागदावर मशीद ही ‘संवेदनशील जागा’ म्हणून येते. छोट्या मशिदीचा एवढा मोठा इतिहास या दोन शब्दांत गाडला गेला, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

घाटाखाली उतरलं की मशिदीची कथा बदलते. कोकणातल्या मशिदी कोणा बादशहाच्या फौजेबरोबर आलेल्या नाहीत. त्या समुद्रावरून, व्यापाऱ्यांबरोबर आल्या, आणि फार लवकर आल्या. अल-मसूदी हा अरब प्रवासी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. अरब लोक त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथे त्याला दहा हजारांच्या आसपास मुसलमान दिसले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि बरेचसे इथेच जन्मलेले. त्यांच्या आपापसातल्या तंट्यांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. राज्य राष्ट्रकूटांचं, त्यांच्या हाताखाली शिलाहार. त्याच शतकातले इस्तख्री आणि इब्न हौकल हे भूगोलकार लिहितात की सैमूर आणि संजाण इथे जुम्म्याच्या नमाजाच्या मशिदी होत्या.

संजाणच्या मुलखाचा अधिकारीसुद्धा त्या काळी एक अरब होता. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला १९५० च्या दशकात सापडलेल्या ताम्रपटांत त्याचं नाव मधुमती असं आलं आहे. मोहम्मदचं हे संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला हा ताम्रपट इसवी सन ९२६ चा, आणि त्यात नोंदलंय ते हे, की या मधुमतीच्या संमतीने एका ब्राह्मणाने भगवतीसाठी मठिका बांधली आणि तिला जमीन देण्यात आली. याच मधुमतीने नदीवर नावा सुरू केल्या आणि वाटसरूंसाठी अन्नसत्र घातलं. त्यात भात, कालवण आणि तूप फुकट वाढत असत. अकराशे वर्षांपूर्वीच्या कोकणात एक मुसलमान अधिकारी देवीच्या मठाला मान्यता देतो आणि एका हिंदू राजाच्या राज्यात मशिदीत जुम्म्याचा नमाज होतो. ही हकिगत मराठी शाळेच्या पुस्तकात एका ओळीने तरी असायला हवी.

चौल, दाभोळ, बाणकोट, राजापूर अशा बंदरांच्या आसऱ्याने वाढलेल्या कोकणी मुसलमानांच्या गावांत मशीद चालते ती जमातीवर. मुलाण्यासारखा बलुतेदार इथे मुख्य नाही. गावातली सगळी मुसलमान घरं मिळून जमात. तिचा मुकादम, मशिदीचा खतीब, निकाहाची वही, आणि दर घरची वर्गणी. दर्यावर जाणारे नाखवा, तांडेल, खलाशी पडावावरून सुखरूप परत आले की मशिदीला काही ना काही देत. पुढे आगबोटी आल्या, रत्नागिरीकडची माणसं बोटींवर खलाशी म्हणून जगभर गेली, काही दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जाऊन वसली. विसाव्या शतकात आखातातून पैसा आला. जमातीची वही मात्र गावच्या मशिदीतच राहिली. मुंबईत पोटापाण्याला गेलेल्या माणसाचं लग्न, मयत, वारसा, सगळ्याची नोंद तिथे व्हायची. मशिदीच्या मागच्या खोलीत जेवणावळीच्या तांब्याच्या देगा, चटया, जनाज्याचा डोला. लग्न कोणाचंही असो, भांडी मशिदीतून न्यायची आणि घासून परत आणायची. गरिबाच्या घरच्या लग्नातही हजार माणसांचा भात शिजू शकला, तो या देगांमुळे.

मुंबईची जुम्मा मशीद ही कोकणातल्या याच जमातीची मोठी बहीण म्हणता येईल. १७७५ मध्ये काम सुरू होऊन १८०२ मध्ये ती पुरी झाली, आणि तिच्या उभारणीत कोकणी व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. जुन्या तळ्यावर दगडी कमानी उभारून ती बांधली आहे. भर बाजारात, तळमजल्यावर अजूनही ते पाणी आहे आणि त्यात मासे आहेत. आधी तळं, मग मशीद, मग बाजार, असा तिथला क्रम.

कोकणातल्या जुन्या मशिदी जांभ्या दगडाच्या आणि उतरत्या कौलांच्या होत्या. पाऊसच तसा, त्याच्यापुढे घुमटाचं काय चालणार? लांबून पाहिलं तर मोठं घर वाटावं किंवा देऊळ. गावातल्याच सुताराने तासलेले खांब, गावातल्याच गवंड्याने रचलेला चिरा. आखातातला पैसा आल्यावर यांतल्या कितीतरी पाडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी सिमेंटचे मिनार, हिरवे घुमट, संगमरवरी फरशा आल्या. नमाजाला येणाऱ्यांची संख्या वाढली, जागा अपुरी पडू लागली, हे खरं. पण या मातीतून, या पावसातून उगवलेली मशीद बांधण्याची एक अख्खी रीत त्यात हरवत चालली आहे.

जमातीने जसं सांभाळलं तसं जाचलंही. जमातीचा शब्द मोडला तर माणसाला वाळीत टाकायचं, लग्नाला-मयताला कोणी जायचं नाही, हा प्रकार कोकणातल्या सगळ्याच समाजांत होता आणि मुसलमानांच्या जमातीही त्याला अपवाद नव्हत्या. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. बायकांचा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. मोहरमच्या पंजाला नवस बोलणारी, मशिदीच्या अंगणात चोंगे घेऊन येणारी बाई त्याच मशिदीत नमाजाला उभी राहू शकत नव्हती. पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ मध्ये यासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यावर मुस्लीम व्यक्तिगत कायदा मंडळाने पुढच्या वर्षी सांगितलं की बाईला मशिदीत नमाजाची मनाई नाही. मनाई नसेल तर गावोगावच्या मशिदींत तिच्यासाठी जागा का नाही, हे त्या त्या जमातीने स्वतःला विचारायला हवं.

राजाश्रयाविना, निव्वळ छोट्या माणसांच्या पैशांतून मशीद उभी राहिल्याची गोष्ट ऐकायची तर अहिल्यानगरला जावं. जुन्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे. निजामशाहीत, १५६७-६८ साली साहिरखानाने ती बांधली. पण लोक सांगतात की किल्ल्याच्या कामावरच्या पाथरवटांनी आणि मजुरांनी आपल्या मजुरीतली एकेक दमडी काढून दिली, त्यातून ही मशीद झाली. आख्यायिका आहे, खरं-खोटं सिद्ध करता यायचं नाही. मात्र मशिदीपुढे उभं राहून दगडातली वेलबुट्टी, कमानींच्या कडांवरची नक्षी, छोट्याशा जागेत ओतलेली ती सगळी कारागिरी पाहिली की लोकांनी ही गोष्ट का धरून ठेवली ते समजतं. मजुरांनी आपल्यासाठी बांधावी अशी ती जागा आहे; बेताची, पण एकही दगड कंटाळून घडवलेला नाही.

बलुतं गेलं, इनामं आटली, तरी काही गावांत मशिदीशी गावाचं नातं नव्या वाटेने जुळलं. सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचं गाव आहे. मुसलमानांची घरं शंभरेक. गावात सांगतात की १९६१ साली गणपतीत तुफान पाऊस लागला, उघड्यावरच्या मूर्तीचं काय करायचं हा पेच पडला, तेव्हा मुसलमानांनीच म्हटलं, मशिदीत आणून ठेवा. पुढे १९८० मध्ये न्यू गणेश तरुण मंडळ निघालं आणि तेव्हापासून गावचा गणपती मशिदीत बसतो. आरतीला मुसलमान असतात, प्रसादाला असतात. गणपतीच्या दिवसांत बकरी ईद आली तर इथले मुसलमान नमाज पढतात आणि कुर्बानी करत नाहीत. तिकडे कोल्हापूर जिल्ह्यात, नृसिंहवाडीच्या शेजारी, पटवर्धनांच्या जुन्या संस्थानचं कुरुंदवाड. तिथे एक नव्हे, पाच मशिदींत गणपती बसतात.

२०१८, २०१९ आणि २०२० ही तीन वर्षं ओळीने मोहरम आणि गणपती एकत्र आले. यामागे चंद्राचा हिशेब आहे. दोन्ही सण चांद्रमासावर चालतात. मोहरमचा चाँद भाद्रपदात दिसला की दोन-तीन दिवसांत गणेश चतुर्थी येते आणि दहावा दिवस भाद्रपद एकादशीच्या आसपास पडतो. हिंदू पंचांगात अधिक महिना येईपर्यंत हे जुळून राहतं, अधिक महिना आला की मोहरम एक महिना मागे सरकतो आणि परत गाठ पडायला तिसेक वर्षं लागतात. त्या तीन वर्षांत कुरुंदवाडच्या मशिदींत एकीकडे गणपती आणि एकीकडे पंजे असे शेजारी शेजारी बसले होते. पुढे २०२३ पासून तीन वर्षं ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी अशीच लगोलग आली आणि मुंबईसह अनेक ठिकाणी मुसलमानांनी आपल्या मिरवणुका पुढच्या दिवसांवर नेल्या.

सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरला तर मुसलमानाचं एकही घर नाही, पण मशीद आहे आणि ती गावाने राखली आहे. फकीरेश्वर स्वामीची मशीद म्हणतात तिला. वर्षभर पूजा-दिवा करतो एक हिंदू पुजारी. मोहरमच्या पाच दिवसांसाठी गाव जवळच्या गावाहून मौलवी बोलावून आणतं.

दोन्ही समाजांतल्या सुधारकांना आणि कट्टरांना, वेगवेगळ्या कारणांनी, ही सगळी मिसळण खटकते. मौलवी सांगतात की पंजे आणि ताबूत इस्लामात बसत नाहीत. दुसरीकडून सांगितलं जातं की हिंदूने पिराला नारळ फोडू नये. गेल्या काही दशकांत कित्येक गावांतल्या पंज्यांच्या पेट्या कायमच्या बंद झाल्या. धर्माची शिकवण काय, हे ज्याने त्याने ठरवावं. पण चारशे वर्षं ज्या रीतीने गाव एकत्र नांदलं ती रीत मोडताना तिच्या जागी आपण काय ठेवतो आहोत, हे विचारण्याचा अधिकार गावाला आहे. त्याचं एक उत्तर इचलकरंजीच्या मुसलमानांनी मे २०२० मध्ये दिलं. टाळेबंदीतला रमजान होता, मशिदी बंद होत्या. तिथल्या समाजाने जकातीचे आणि देणगीचे ३६ लाख रुपये जमवून सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. सगळ्या गावासाठी.

या लहान मशिदींचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही. मोठ्या वास्तूंना पुरातत्त्व खात्याचे फलक आहेत. मुलाण्याच्या मशिदीची हकिगत मात्र विखुरलेली आहे: मोडीतल्या इनामाच्या सनदा कोणाच्या तरी माळ्यावर, जमातीच्या निकाहाच्या वह्या ओल धरलेल्या कपाटात, मोहरमचे मान कोणाकडे होते याची यादी ऐंशी-पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. त्या सनदा मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेणं, वह्यांची छायाचित्रं काढून ठेवणं, मशीद पाडून नवी बांधण्याआधी जुनीची मापं आणि फोटो घेणं, हे तालुक्याच्या ठिकाणचं कोणतंही महाविद्यालय, कोणताही इतिहासाचा शिक्षक करू शकतो. तुमच्या गावात अशी मशीद असेल तर या सुट्टीत तिथल्या मुतवल्लीला, म्हणजे मशिदीचा कारभार पाहणाऱ्याला भेटा, आणि पहिला पंजा उचलायचा मान तुमच्या गावात कोणाच्या घराकडे होता, ते विचारून लिहून ठेवा.